सकाळी पाहिलेला माणूस

१

हजेरीबाबूंना स्वतःच्या घराची किल्ली मिळाली ती साठी उलटल्यावर, आणि तीही परमुलखात.

लहानपण मामाकडे गेलं. तिथे दार केव्हा उघडायचं हे मामी ठरवायची. मग वसतिगृहातली खाट. मग नोकरी, लग्न आणि कंपनीचं क्वार्टर. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टरची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवावी लागली आणि साहेबांनी फोनवर बोलता बोलता ती ड्रॉवरमध्ये लोटली. बायको त्याआधीच गेली होती. लेकीने आपल्या घरी नेलं. जावई सोन्यासारखा, नातवंडं लाघवी, पण रात्री पाणी प्यायला उठायचं तरी हजेरीबाबूंना चोरट्यासारखं वाटे. एक हिवाळा त्यांनी तिथे कसाबसा काढला आणि मग, परदेशी निवृत्तांना मुक्कामाचा परवाना देणाऱ्या या गावात येऊन दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लेक रडली. म्हणाली, "बाबा, तिथे तुमचं आहे कोण?"

"किल्ली आहे," हजेरीबाबू म्हणाले.

खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या. पुढच्या खोलीत टेबल, रेडिओ आणि रस्त्याकडची खिडकी. मागच्या खोलीत खाट. कधी कधी काही कारण नसताना ते बाहेर येऊन दाराला कुलूप लावत आणि लगेच उघडून पुन्हा आत जात. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी एकदा हे पाहिलं आणि काही विसरलं का म्हणून विचारलं. हजेरीबाबू लाजले.

एकच कटकट होती. परक्या मुलखातल्या म्हाताऱ्याने दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन सांगायचं, की मी अजून त्याच पत्त्यावर राहतो. म्हातारा माणूस जणू खाट डोक्यावर घेऊन रातोरात पसार होणार होता! नियम मात्र साधा होता. एक तर स्वतः या. येता येत नसेल, तर त्या दिवशी सकाळी तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या हाती तुमचा पासपोर्ट पाठवा. खिडकीतली बाई त्याला विचारायची, "आज पाहिलंत का त्यांना?" त्याने "पाहिलं" म्हटलं की शिक्का बसायचा.

हजेरीबाबूंना हा नियम मनातून आवडायचा. उभी हयात ते कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. हजेरीबाबू हे नाव तिथलंच. एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच करायचं, ही कामगारांची जुनी खोड. हजेरीबाबूंपुढे ती चालत नसे. पाठमोरे बसले असले तरी नुसत्या पावलांवरून ते माणूस ओळखत. लोक पैजा लावत आणि हरत. गैरहजर माणसाला हजर दाखवणं याला ते पाप म्हणत, आणि म्हणताना बोट वर करत.

२

वरच्या मजल्यावर मास्तर राहत. तेही परदेशी, तेही एकटे, पूर्वी कुठल्याशा शाळेत भूमिती शिकवलेले. दोघे एकाच आठवड्यात राहायला आल्यामुळे कचेरीची तारीखही एकच आली होती. मास्तर बोलघेवडे होते. जिन्यात भेटले की म्हणत, "अहो बाबू, वर या की कधीतरी. खिडकीशी दोन खुर्च्या टाकल्यात. एक उगाच अडून राहिलीय."

"येतो ना, येतो," असं हजेरीबाबू म्हणत आणि जात नसत. दुसऱ्याच्या घरात बसण्याचा त्यांना आता आयुष्यभर पुरेल एवढा कंटाळा आला होता.

मास्तरांचा गुडघा दुखत असला, की ते आदल्या संध्याकाळी आपला पासपोर्ट कापडी पिशवीत घालून हजेरीबाबूंच्या कडीला अडकवून ठेवत. सकाळी हजेरीबाबू वर जात, दार वाजवत, मास्तरांना डोळ्यांनी पाहत आणि मगच बस पकडत. मास्तर हसत. "जिवंत आहे हो, लिहा हजर!"

त्या खेपेलाही पिशवी कडीला होती. हजेरीबाबू फिरून आले तेव्हा ती दिसली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि खोकल्याचं औषध घेऊन झोपले. सकाळी जाग उशिरा आली. दाढी करेपर्यंत बसची वेळ झाली. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी वर पाहिलं. एक मजला चढायचा, दार वाजवायचं, मास्तर बोलत बसणार, बस जाणार. पिशवी लावलीय म्हणजे माणूस आहेच की, असं म्हणून हजेरीबाबू खाली उतरले.

कचेरीत गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी आधी त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि मग मास्तरांचा उघडला.

"आज पाहिलंत का यांना?"

"पाहिलं," हजेरीबाबू म्हणाले.

एवढ्यावर काम झालं असतं. पण बाईंनी सहज मान वर केली, आणि खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तेच हजेरीबाबूंचं झालं. त्यांना वाटलं, एवढंसं पुरणार नाही.

"खिडकीशी बसले होते," ते म्हणाले. "रस्त्याकडे तोंड करून. चहा घेत होते, कपात चमचा फिरवत." बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर एक तपकिरी स्वेटर अडकवलेला होता. हजेरीबाबूंची नजर त्याच्यावर गेली. "तपकिरी स्वेटर घातला होता," त्यांनी पुस्ती जोडली.

"छान," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

बाहेर पडताना हजेरीबाबूंनी भिंतीवरची पाटी प्रथमच नीट वाचली. खोटी साक्ष देणाऱ्याचा स्वतःचा परवाना रद्द होईल आणि त्याला महिन्याच्या आत देश सोडावा लागेल, असं तिच्यावर लिहिलं होतं. त्यांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. मग ते स्वतःशीच हसले. खोटं कसलं आलंय त्यात? म्हातारा सकाळी चहाच घेत असणार.

३

परत आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी वरच्या जिन्याच्या कठड्याला अडकवली आणि खालूनच हाक मारली, "मास्तर, झालं हो काम!" वरून उत्तर आलं नाही. दुपारी पाहिलं तर पिशवी नव्हती. म्हणजे नेली.

संध्याकाळी रेडिओ बंद करून ते खिडकीशी बसले होते, तेव्हा डोक्यावर छतातून बारीक आवाज यायला लागला. किण, किण, किण. कपात चमचा फिरत होता.

हजेरीबाबू ऐकत राहिले. आवाज ओळखीचा होता, घरगुती होता, आणि तरी काहीतरी चुकत होतं. काय ते लगेच ध्यानात येईना. दात घासताना आलं. मास्तरांना मधुमेह होता. साखर त्यांच्या घरातच नव्हती. दुधाचाही त्यांना तिटकारा. कोऱ्या चहात चमचा कशाला फिरवायचा?

दुसऱ्या दिवशी पावलं ऐकू आली. मास्तर डावा पाय ओढत चालत. त्यांची सपात एकदा फट् वाजे आणि एकदा घासे. आता वर जो चालत होता त्याचे दोन्ही पाय सारखे पडत होते. खिडकीपासून चुलीपर्यंत, चुलीपासून खिडकीपर्यंत. ना जड, ना हलकी, ना घाईची, ना रेंगाळलेली. गेटवर हजारो माणसांची चाल ऐकलेल्या हजेरीबाबूंना अशी चाल ठाऊक नव्हती. प्रत्येक चालीत काही ना काही असतं. कुणाचा जोडा मोठा, कुणाची कंबर मोडलेली, कुणी बायकोशी भांडून आलेला. या चालीत काहीच नव्हतं.

नवीन औषध लागू पडलं असेल, त्यांनी ठरवलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय उगाच? वर जाऊन पाहणं सगळ्यात सोपं होतं. पण आधी पोळ्या लाटायच्या होत्या, मग लेकीचा फोन आला, मग अंधार पडला.

घरमालकीणबाई दाराशी भाजी निवडत होत्या. हजेरीबाबूंनी सहज विचारलं, "मास्तर बरे आहेत ना?"

"बरेच दिसतात. सकाळी खिडकीत बसलेले असतात. मी रस्त्यावरून हात केला तर बघितलंसुद्धा नाही. पाठ फिरवून बसायचं ते काय शिष्टपण?"

"पाठ? खिडकीत बसलेत ना? मग तोंड रस्त्याकडे असेल."

बाईंचे हात थांबले. त्यांनी विचार केला. "खरंच की," त्या म्हणाल्या. "पण मला पाठच दिसते हो. तपकिरी स्वेटर."

४

आठवड्याने मास्तरांची पुतणी आली. ती शेजारच्या शहरात नोकरी करायची. दार उघडताच तिने वाकून नमस्कार केला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, तुम्हाला कळवायला हवं होतं. पण माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

हजेरीबाबूंनी तिला खुर्ची दिली. ती सांगत गेली. मास्तर अचानक तिच्याकडे गेले होते, एक रात्र राहायला; नातवंडांची आठवण आली म्हणून. नीट जेवले, पोरांना कोडी घातली. उद्या आमच्या बाबूंना कचेरीत जायचंय, पासपोर्ट लावून आलोय, ते निघायच्या आत पहाटेच परत जायला हवं, असंही म्हणाले. झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

"कुठल्या सकाळी?" हजेरीबाबूंनी विचारलं. विचारताना त्यांना उत्तर माहीत होतं.

तिने सांगितलं. तीच सकाळ होती. हजेरीबाबू दाढी करत होते तेव्हा तिकडे डॉक्टर येऊन गेला होता.

"मी मालकीणबाईंना फोन केला होता," पुतणी नाक पुसत म्हणाली, "तर म्हणाल्या, 'चेष्टा नको गं, ते वर चहा पितायत.' मी म्हटलं, वयामुळे गोंधळल्या असतील. चला ना माझ्याबरोबर वर. मला एकटीला नको वाटतंय."

नाही कसं म्हणणार? हजेरीबाबू पहिल्यांदाच त्या खोलीत गेले. कुलूप तिने आपल्याकडच्या किल्लीने उघडलं. खोली स्वच्छ होती. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. मोरीत एक कप पालथा घातला होता. पुतणीने तो उचलला आणि तिचं बोट ओलं झालं.

"नळ गळत असेल," हजेरीबाबू म्हणाले.

तिने एका खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर उचलून उलटसुलट पाहिला. तपकिरी होता. "हा काकांचा नाही. मीच त्यांचे कपडे घेते. आणि बटणं बघा, बायकांच्या स्वेटरसारखी डावीकडे आहेत." मग रडता रडता तिला थोडं हसू आलं. "काकांकडे कोणी येत होतं का हो?"

हजेरीबाबूंना कचेरीतली खुर्ची आठवली.

पासपोर्ट सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पुतणी कचेरीत जाऊन आली ती वैतागून. काकांचं नाव काढायला तिथले लोक तयार नव्हते. गेल्याची तारीख अमुक, आणि त्याच सकाळी त्यांना चहा पिताना पाहिल्याची साक्ष आहे, असं म्हणत होते. साक्षीदाराला आणा, तो चूक झाली म्हणाला की लगेच नाव काढू.

"तुमच्या बघण्यात काहीतरी घोटाळा झाला असेल ना, काका? एकदा येऊन सांगाल?"

हजेरीबाबूंना ती पाटी आठवली. मामीचं दार आठवलं, लेकीच्या घरातला अंधारातला पाण्याचा माठ आठवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेल्या माणसाचं नाव तीन महिने राहिलं म्हणून कुणाचं काय बिघडणार आहे?

"येतो ना," ते म्हणाले. "पुढच्या वेळी जाईन तेव्हा मीच सांगतो."

बिचारीने विश्वास ठेवला. दोन पेट्या भरून ती गेली. नाव निघेपर्यंत खोली दुसऱ्याला देता येत नव्हती, म्हणून किल्ली मालकीणबाईंच्या खुंटीला राहिली. स्वेटर ती खुर्चीवरच टाकून गेली.

५

माणूस कशालाही सरावतो. थंडी पडली, दिवस आखडले, आणि हजेरीबाबूंना वरच्या आवाजांची सवय झाली. सकाळी चमचा. मग पावलं. मग बराच वेळ काही नाही. खुर्चीत बसणं झालं. जुनी इमारत आहे, लाकूड आवळतं, पाइप वाजतात, असं ते स्वतःला सांगत आणि एखाद्या सकाळी चमचा वाजायला उशीर झाला तर चहाचा कप हातात धरून वाट पाहत. हे आपण बरं करत नाही, हे त्यांना कळत होतं. लेकीला फोनवर ते म्हणत, "मजेत आहे. वरचा शेजारी चांगला आहे." हे वाक्य तोंडून गेल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला आणि तरी पुढच्या फोनला ते पुन्हा तेच बोलले.

मग एका दुपारी वर दोन माणसं चालायला लागली.

पहिली चाल तीच, सपाट. दुसरी नवी होती. थोडी अडखळत, मध्येच थांबत, पुन्हा निघत. ही जिवंत माणसाची चाल होती यात शंका नाही. हजेरीबाबूंनी डोळे मिटले आणि गेटवरची सगळी माणसं आठवून पाहिली. लेथवाले, भट्टीवाले, साहेब, हमाल, शिपाई. एकाचीही नव्हती. त्यांना वाईट वाटलं. कान गेला आपला, ते पुटपुटले.

संध्याकाळी मालकीणबाई जिन्यात भेटल्या.

"तुम्ही हल्ली वर जाऊन बसता ते बरं करता हो. बंद राहिलं की घर कुबट होतं."

"मी? मी कुठे जातो वर?"

"घ्या! खिडकीत पाठ दिसते ती कुणाची मग? आणि तुमची चाल मला कळत नाही होय? थांबत थांबत, मोजल्यासारखी. जन्मभर दुसऱ्यांना मोजलंत, आता पायऱ्या मोजता."

"किल्ली तुमच्या खुंटीला आहे ना?"

"आहे की. तुम्ही नेता आणि परत लावता, मी काही बोलते का?"

हजेरीबाबू घरात येऊन खाटेवर बसले. जगातल्या एवढ्या माणसांची चाल त्यांना पाठ होती. स्वतःची त्यांनी कधी ऐकली नव्हती, कोण ऐकतं? आपण झोपेत वर जात असू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. म्हातारपणी होतं असं काहींना. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि भर उजेडात, टक्क जागे, खाटेवर बसून राहिले.

वर चमचा वाजला. एक माणूस चालत खिडकीपर्यंत गेला. त्याच्यामागून दुसरा निघाला, थांबला, पुन्हा निघाला. मग एका खुर्चीचा आवाज आला आणि पाठोपाठ दुसरीचा.

हजेरीबाबूंनी मूठ उघडून किल्ली पाहिली. तळहातावर तिचे दात उमटले होते. कचेरीत जाऊन खरं काय ते सांगायचं, त्यांनी ठरवलं. परवाना गेला तर गेला. लेकीच्या घरी पाणी प्यायला उठू, लाजत उठू, पण उठू तरी.

६

तारखेच्या सकाळी त्यांचा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये नव्हता. त्यांनी गादी उलटली, कपाट रिकामं केलं, रेडिओच्या मागे पाहिलं. शेवटी तसेच निघाले. पासपोर्टचं पुढे बघता येईल, आधी बोलून मोकळं व्हायचं होतं.

खिडकीत त्याच बाई होत्या. थंडी मी म्हणत होती आणि त्यांनी अंगाभोवती शाल लपेटली होती. खुर्चीच्या पाठीवर काही नव्हतं.

"मागच्या खेपेला मी खोटं बोललो," हजेरीबाबू एका दमात म्हणाले. "माझ्या शेजाऱ्याला मी त्या सकाळी पाहिलं नव्हतं. ते आदल्या रात्रीच गेले होते. स्वेटर, चहा, सगळं मी मनाचं सांगितलं."

बाईंनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "आजोबा, बसा जरा. पाणी देऊ का? तुमचे शेजारी आज सकाळी इथे येऊन गेले."

"कोण?"

"तुमचे वरचे. तुमचा पासपोर्ट घेऊन आले होते. तुमची नोंद झाली."

हजेरीबाबूंनी खिडकीच्या फळीला धरलं. "चेहरा पाहिलात त्यांचा?"

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. "पाठमोरे उभे होते," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगितला होतात तसाच स्वेटर. माझाही असाच होता, कुठे गेला कोण जाणे."

"माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"काय म्हणणार? सकाळी पाहिलं म्हणाले. खिडकीशी दुसऱ्या खुर्चीत बसलेत, चहा घेतायत. आणि पत्ता बदलून गेले तुमचा. वरचा मजला. खालच्या खोल्या सोडल्या म्हणाले."

"सोडल्या नाहीत! मी खाली राहतो. मी इथे तुमच्यासमोर उभा आहे ना?"

"आहात ना," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण तुम्ही खाली राहता हे मला इथून कसं दिसणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं. तुम्हीही घेऊन या कुणाला तरी, आज सकाळी तुम्हाला खालच्या घरात पाहिलेलं. लगेच बदलून देते."

एवढं तर सोपं होतं. मालकीणबाई होत्याच. हजेरीबाबूंना बसमध्ये थोडं हायसंही वाटलं.

७

त्यांच्या खोल्यांचं दार सताड उघडं होतं. खिडक्या उघड्या, फरशी ओली, आणि मालकीणबाई पदर खोचून मधोमध बादली घेऊन उभ्या. टेबल नव्हतं. रेडिओ नव्हता. खाट होती तिथे फरशीवर चार फिक्या खुणा होत्या.

"माझं सामान?"

"वर नेलंत की! मी म्हटलं, हमाल बोलवा, या वयात कशाला? तर ऐकेनात. दोघे मिळून नेत होतात भराभरा. मी एवढी बोलतेय तर एकदा वळून तरी बघायचं!"

"बाई, आठवून सांगा. आज सकाळी तुम्ही मला इथे, या खोलीत पाहिलंत ना? मी निघालो तेव्हा?"

मालकीणबाई सरळ स्वभावाच्या होत्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी कपाळाला आठ्या घालून खूप आठवलं.

"निघालात तेव्हा मी मागे कपडे वाळत घालत होते," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं ते जिन्यात. वर जाताना. पाठ पाहिली तुमची."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. रिकाम्या खोलीत ती मोठी ऐकू आली.

"खालची किल्ली तेवढी देऊन ठेवा," बाईंनी ओला हात पुढे केला.

द्यायची नाही, असं हजेरीबाबू म्हणणार होते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण किल्ली मागितली की द्यायची, हे त्यांच्या हाताला जन्मभराचं ठाऊक होतं, आणि हात खिशात गेला. बाईंनी बादलीकडे बघता बघता ती कमरेला खोचली.

मग जाण्यासारखी एकच जागा उरली. हजेरीबाबू जिना चढू लागले. मध्येच त्यांनी थांबून कान दिला आणि पुन्हा निघाले, आणि आपली पावलं त्यांनी जिन्यावर स्पष्ट ऐकली. थोडी अडखळती, मोजल्यासारखी. हीच होती ती चाल. एवढ्या दुपारी खालून ऐकली आणि ओळखता आली नाही.

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. दुपारचं ऊन खोलीभर पसरलं होतं. भिंतीशी त्यांची खाट, कोपऱ्यात त्यांचं टेबल, टेबलावर त्यांचा रेडिओ, सगळं जागच्या जागी, खाली होतं तसंच. खिडकीशी दोन खुर्च्या. एक रिकामी, तिच्यासमोर वाफाळणारा चहा. दुसरीत तपकिरी स्वेटर, पाठ दाराकडे. किण, किण, किण.

"मास्तर?" हजेरीबाबूंनी हाक मारली. हाक मारताना त्यांना रडू येत होतं. एकदा तरी वर यायला हवं होतं, मास्तर होते तेव्हा.

चमचा थांबला. माणसाने कप खाली ठेवला, खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला आणि तो सावकाश मागे वळू लागला.

कचेरीच्या खिडकीशी बोललेला शब्द न् शब्द हजेरीबाबूंना आठवत होता. त्यांनी कप सांगितला होता, चमचा सांगितला होता, स्वेटरचा रंग सांगितला होता.

चेहरा त्यांनी सांगितलाच नव्हता.